यादीत न बसणारी संकटं

बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाच्या बियाण्याचं पाकीट बरीच वर्षं ४५० ग्रॅमचं असायचं आणि त्याच्यासोबत १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी यायची. पुडीत साधं, बीटी नसलेलं बियाणं. आमच्या पोखर्णीच्या शिवारात तिला सगळे ‘रेफ्युजी’ म्हणत. बीटीच्या चारी बाजूंनी या साध्या कापसाच्या ओळी लावायच्या असा नियम होता आणि तो बारीक अक्षरात छापलेलाही असे. लावत कुणीच नसे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. कुणी पुडी बांधावर टाकून देई, कुणी न उगवलेल्या जागी नांग्या भरायला वापरी.

हिशेब सरळ होता. साध्या कापसावर अळी पडणार, म्हणजे त्या ओळींचं पीक हातचं जाणार. हे नुकसान ज्याचं त्याचं. फायदा मात्र सगळ्या शिवाराचा, तोही काही वर्षांनी. साध्या कापसावर वाढलेले, बीटीच्या विषाची सवय नसलेले पतंग भरपूर असले, तर बीटीवर तगून राहिलेल्या थोड्या पतंगांचं मीलन त्यांच्याशी होतं आणि प्रतिकाराचा गुण पुढच्या पिढ्यांत पसरायला वेळ लागतो. एवढं साधं गणित. पण ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कुणी समजावून सांगितलं नाही आणि लावलं की नाही हे बघायला बांधावर कुणी आलं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली २६ मार्च २००२ रोजी. दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं २००६ मध्ये. पहिल्या बोलगार्डला शेंदरी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातेतल्या शेतांवरून २०१० मध्ये ते तंत्र विकणाऱ्या कंपनीनंच जाहीर केलं. २०१७ च्या हंगामात तर बोलगार्ड-२ असूनही महाराष्ट्रात बोंडं आतून पोखरलेली निघाली. फुलं डोमकळ्या होऊन मिटलेली, बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत सरकी खाल्लेली, रुई पिवळी पडलेली. हंगाम संपल्यावरही पीक राखून फरदड घेत राहणं, लांब मुदतीचे संकरित वाण, सगळीकडे एकच पीक अशी कारणं पुढे आली आणि ती खरीच आहेत. पण न लावलेली पुडीही त्यांत आहे. मग नियम बदलला आणि साधं बियाणं पाकिटातच मिसळून द्यायला सुरुवात झाली. पाकीट झालं ४७५ ग्रॅमचं. म्हणजे शेतकऱ्यानं नियम पाळावा ही अपेक्षाच काढून टाकली. तोवर अळी पुढे निघून गेली होती.

जागतिक सुरक्षा, उगवतं विज्ञान आणि धोरणांचे पेच असा विषय असलेल्या पुस्तकाची प्रस्तावना सरकीच्या पुडीपासून का, असं कुणी विचारील. पाकिटावर अण्वस्त्र नाही, रोगजंतू नाही, यंत्रमानव नाही. पण या क्षेत्रातला मध्यवर्ती प्रश्न त्या पुडीत जसाच्या तसा आहे. शोध लागतो एकीकडे, परवानगी मिळते दुसरीकडे, नियम पाळायचा असतो तिसऱ्यानं. पाळण्याची किंमत एकट्यानं मोजायची आणि न पाळण्याची किंमत सगळ्यांनी मिळून. जगातले मोठमोठे शस्त्रबंदी करार अडले आहेत ते याच जागी. वाद घालताना आपण सगळा जोर परवानगी द्यावी की देऊ नये यावर लावतो. परवानगीनंतर बघणार कोण, हा प्रश्न कोपऱ्यात राहतो. माझ्या मते खरी गफलत तिथं आहे आणि हे पुस्तक त्या कोपऱ्याकडे बोट दाखवतं म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

परभणीहून गंगाखेडच्या वाटेवरचं आमचं गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते नृसिंहाच्या देवळामुळं. रेल्वेच्या स्थानकालाही नाव पोखर्णी नृसिंह असंच. ती कथा आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. हिरण्यकशिपूनं वर मागताना चोख यादी केली होती. माणसाच्या हातून नको, पशूच्या हातून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, शस्त्रानं नको. एकही कलम सुटलेलं नव्हतं. मरण आलं ते तिन्हीसांजेला, उंबऱ्यावर, नखांनी. पुराणात यादी करणारा दैत्य होता आणि फट शोधणारा देव. आजच्या जगात भूमिका उलटल्या आहेत. याद्या करतो आपण, म्हणजे सरकारं, संयुक्त राष्ट्रसंघ, निर्यात नियंत्रणाची मंडळं. संकट मात्र अजूनही उंबऱ्यावरूनच येतं.

रासायनिक अस्त्रबंदीचा करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू झाला. त्याला रसायनांच्या तीन अनुसूची जोडलेल्या आहेत. निःशस्त्रीकरणाच्या इतिहासातला हा सगळ्यात यशस्वी करार म्हणायला हरकत नाही. भारतानं आपल्याकडचा साठा कराराखाली जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्टही केला. पण सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी त्याआधीच ‘नोव्हिचोक’ कुळातली विषं घडवली होती, आणि ती या अनुसूचींत नावानिशी कुठंच नव्हती. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडच्या सॅलिसबरी शहरात एका माजी रशियन हेरावर आणि त्याच्या मुलीवर तसलं विष वापरलं गेलं. त्यानंतर २०१९ मध्ये ही नावं अनुसूचीत घालायचं ठरलं. यादी संकटाच्या मागून चालते ती अशी.

या विषांचं मूळ शोधत गेलं की माणूस पुन्हा शेतातच येऊन पोचतो. जर्मनीतल्या आयजी फार्बेन कंपनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ किडींसाठी नवं औषध शोधत होता. १९३६ मध्ये त्याच्या हाती लागलं ते टाबुन, पहिलं मज्जाविष. दोन वर्षांनी सरीन. युद्धानंतर बाजारात आलेलं पॅराथिऑन हे कीटकनाशकही त्याचंच. किडीच्या मज्जातंतूंवर घाला घालणारी रसायनं माणसाच्या मज्जातंतूंवरही घाला घालतात. फरक मात्रेचा आणि रेणूच्या थोड्याशा ठेवणीचा. २०१७ मध्ये, बोंडअळीच्याच त्या हंगामात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. तिथं कुणी युद्ध करत नव्हतं. डोक्याएवढा वाढलेला कापूस, उकाडा, तोंडाला फार तर रुमाल, आणि दोन-तीन औषधं पंपात एकत्र कालवलेली. सुरक्षेवरच्या ग्रंथांत या मृत्यूंची नोंद सहसा होत नाही. ती आरोग्य किंवा कृषी खात्याच्या कागदांत जाते. खात्यांच्या अशा भिंती हाही या क्षेत्राचा एक जुना दोष.

या विषयाचा इतिहास लिहिणारे बहुधा जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरपासून सुरुवात करतात आणि त्यात चूक नाही. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची त्याची युक्ती म्हणजे आजच्या युरियाचा पाया. १९१८ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, इप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडण्यामागेही तोच उभा होता. एकच माणूस, एकच विद्या, दोन टोकं. त्यानंतर अणुबॉम्ब आला आणि निदान तीस वर्षं ‘विज्ञान आणि सुरक्षा’ म्हणजे अणू एवढंच समीकरण राहिलं. या काळात जो विचार घडला तो तहांचा, या क्षेत्रातला पहिला पंथ. १९५७ मध्ये शास्त्रज्ञांची पगवॉश परिषद भरली, १९६८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार सहीसाठी खुला झाला, १९७२ मध्ये जैविक अस्त्रबंदी करार. तहवाल्यांची श्रद्धा अशी की राष्ट्रांनी सह्या केल्या, तपासनीस नेमले, की धोका आवाक्यात राहतो. अणूच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी जमलं, कारण युरेनियम समृद्ध करायचं तर कारखाना लागतो आणि कारखाना लपत नाही. जैविक करारात मात्र तपासणीची सोयच ठेवली नाही. ती घालण्याच्या वाटाघाटी २००१ मध्ये मोडल्या. आज त्या कराराचं कार्यालय हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांवर चालतं. आमच्या भागातल्या एखाद्या जिनिंगमध्ये हंगामात याहून जास्त माणसं असतात.

दुसरा पंथ शास्त्रज्ञांच्या आत्मसंयमाचा. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथं सुमारे १४० जण जमले आणि जनुकांची जोडतोड करताना कुठले प्रयोग लांबणीवर टाकायचे, कुठले कसल्या बंदिस्तीत करायचे हे त्यांनी आपसांत ठरवलं. याचं कौतुक अजून चालू आहे. थोडं जास्तच, असं मला वाटतं. सभेला शेतकरी नव्हता, कामगार नव्हता आणि अस्त्रांचा प्रश्न चर्चेतून मुद्दाम बाजूला ठेवला होता. तरी स्वतःच्या हातांना स्वतः लगाम घालण्याची कल्पना तिथं मूळ धरून बसली आणि पुढे तिची कसोटी लागली ती कोंबड्यांच्या रोगावर.

बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. परभणी जिल्ह्यात त्यानं गाठलं मुरुंबा गावाला, जानेवारी २०२१ मध्ये. कोंबड्या पटापट मेल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, अहवाल आला आणि आसपासच्या पोल्ट्रीतली हजारो पाखरं मारून पुरावी लागली. टाळेबंदीच्या धक्क्यातून सावरू पाहणाऱ्या कुक्कुटपालकांचं कंबरडं मोडलं. हा विषाणू माणसाला क्वचित लागतो, लागला तर जीवघेणा ठरू शकतो, आणि माणसाकडून माणसाकडे सहज जात नाही. तो तसा जाऊ शकेल का, हे तपासण्यासाठी नेदरलँड्समध्ये रॉन फूशिए आणि अमेरिकेत योशिहिरो कावाओका यांनी फेरेट या प्राण्यावर प्रयोग केले आणि हवेतून पसरणारे प्रकार घडवले. २०११ मध्ये ही बातमी फुटली तेव्हा अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळानं आधी तपशील गाळून छापा असं सांगितलं. पुढे मत बदललं आणि २०१२ मध्ये दोन्ही निबंध छापून आले. निसर्गात काय घडू शकतं हे आधी कळलं तर लस तयार ठेवता येईल, ही एक बाजू. जे निसर्गानं अजून केलेलं नाही ते तुम्ही करून त्याची कृती जगजाहीर का करता, ही दुसरी. कोविडनंतर हा वाद आणखी कडवट झाला. या पुस्तकात त्यावर दोन लेख आहेत आणि दोघांची मतं जुळत नाहीत. संपादकांनी ती जुळवायचा प्रयत्न केलेला नाही, हे बरं केलं.

तिसरा पंथ याद्यांचा, म्हणजे निर्यात नियंत्रणाचा. याची झळ भारतानं भरपूर सोसली आहे. १९७४ च्या अणुचाचणीनंतर अणुपुरवठादारांचा गट उभा राहिला तो मुख्यतः आपल्याला वगळण्यासाठी. अमेरिकेनं मोठे संगणक द्यायला खळखळ केली म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यामुळं आपल्याकडच्या दोन पिढ्यांना तंत्रज्ञानावरचं कुठलंही नियंत्रण म्हणजे श्रीमंत देशांची चाल वाटत आलं. ती शंका निराधार नव्हती. पण आता भारत स्वतः या मंडळांत आहे. क्षेपणास्त्र नियंत्रण व्यवस्थेत २०१६ पासून, पारंपरिक शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंवरच्या वासेनार व्यवस्थेत २०१७ पासून, रासायनिक आणि जैविक वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलिया गटात २०१८ पासून. आता याद्या आपल्याही आहेत. जुनी तक्रार आणि नवी जबाबदारी यांचा मेळ अजून आपल्या विचारात बसलेला नाही.

यादी किती खाली उतरते याचं एक उदाहरण शिवारातच उडताना दिसतं. फवारणीचा ड्रोन. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं त्याची प्रात्यक्षिकं दाखवली, ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून बचतगटांच्या बायकांना तो चालवायला शिकवला जातो आहे. पाठीवर पंप घेऊन विष श्वासात ओढण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, यवतमाळ आठवलं तर कुणीही मान्य करील. त्याची टाकी साधारण १० लिटरची असते. क्षेपणास्त्र नियंत्रण व्यवस्थेच्या यादीत एक कलम असं आहे की स्वतःहून उडणारं आणि २० लिटरपेक्षा जास्त द्रव तुषार करून सोडू शकणारं मानवरहित विमान नियंत्रित वस्तूंत धरलं जातं. म्हणजे क्षेपणास्त्रांच्या यादीत आणि कापसावरच्या फवाऱ्यात अंतर आहे ते एका टाकीचं. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. दोनच महिन्यांनी, २५ ऑगस्टला, केंद्रानं नवे ड्रोन नियम आणले ते पूर्वीपेक्षा सैल. पुढच्या फेब्रुवारीत परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र येऊ दिले. हल्ल्यानंतर नियम आवळायला हवे होते, असं म्हणणारे आहेत. मला सरकारचा निर्णय चुकीचा वाटत नाही. घट्ट नियम करून ते कुणीच पाळले नसते, तर रेफ्युजीच्या पुडीचीच गत झाली असती. पण सैल नियमाला डोळस देखरेख लागते. गावातला ड्रोन कुणाच्या नावावर आहे, कोण उडवतं, टाकीत काय भरलं आहे, हे बघणारी माणसं तालुक्याला किती नेमली, असा प्रश्न विधिमंडळात तरी कुणी विचारावा.

चौथा पंथ सावधगिरीचा, आणि त्याच्या समोर उभा ठाकलेला तंत्रज्ञान-स्वातंत्र्याचा. हा झगडा मराठी मुलखात जितका जिवंत आहे तितका क्वचितच कुठं असेल. १९८० मध्ये डेव्हिड कॉलिंग्रिज या अभ्यासकानं मांडलेला पेच या झगड्याच्या मुळाशी आहे. तंत्र नवं असतं तेव्हा त्याला वळण लावणं सोपं, पण परिणाम ठाऊक नसतात. परिणाम कळतात तोवर ते इतकं रुजतं की वळवता येत नाही. १९८६ मध्ये उलरिख बेक या जर्मन समाजशास्त्रज्ञानं ‘जोखमीचा समाज’ ही कल्पना मांडली. संपत्तीसारखीच जोखमीचीही वाटणी होते आणि ती सारखी होत नाही, हा त्यातला गाभा. आपल्याकडे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्याला बाजाराचं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य द्या अशी मागणी लावून धरली. त्यांच्या पश्चात १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर इथं शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला एचटीबीटी कापूस उघडपणे पेरून कायदेभंग केला. गावोगाव त्याला ‘चोरबीटी’ म्हणतात. आजही तो बिनबिलाचा, बिनलेबलचा मिळतो आणि लोक तो घेतात, कारण खुरपणीला मजूर मिळत नाही. ज्या वस्तूला सरकारी दप्तरात अस्तित्वच नाही तिच्यावर लक्ष तरी कोण ठेवणार? बंदीचा हा सगळ्यात मोठा तोटा. बंदीनं वस्तू थांबत नाही, तिची नोंद थांबते.

सरकारी संस्थांनी बीटी बियाणं घडवायचं काम स्वतः हाती घेतलं तेव्हा काय झालं, तेही या भागाला माहीत आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात घडलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण १९८४ पासून मराठवाड्यात घराघरांत पोचलेला. त्याचाच सार्वजनिक बीटी अवतार २००९ च्या सुमारास आला. स्वस्त, आपल्या संस्थांचा. थोड्याच काळात त्या बियाण्यात खासगी कंपनीचंच जनुक मिसळलेलं सापडलं आणि ते मागे घ्यावं लागलं. सोपोरी समितीच्या चौकशीनं प्रयोगशाळेतल्या ढिलाईवर बोट ठेवलं. लबाडीपेक्षा बेशिस्त जास्त महाग पडते. सुरक्षेच्या चर्चेत शत्रूला मोठी भूमिका मिळते. नळीवर चुकीची चिठ्ठी चिकटवणाऱ्या हाताला ती मिळत नाही.

अशा संस्थांवरच्या विश्वासाचा प्रश्न याहून जुना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली स्थलांतरित पक्ष्यांना कड्या घालण्याचं मोठं काम केलं. पक्ष्यांबरोबर रोग कसे फिरतात हे कळावं, हा एक हेतू. त्याला काही काळ पैसा अमेरिकी लष्कराच्या एका योजनेतून आला. दिल्लीत त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद अमेरिकी पैशावर डासांचं जनुकीय नियंत्रण करण्याचे प्रयोग करत होत्या. १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून संशय व्यक्त झाला की ही जैविक युद्धाची चाचपणी तर नाही. १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं कडक अहवाल दिला, सोनीपतला डास सोडायचा बेत रद्द झाला, प्रकल्प गुंडाळला गेला. संशय कितपत खरा होता यावर अजून दुमत आहे. ज्यांच्या अंगणात डास सोडायचे होते त्यांना आधी विश्वासात घेतलं असतं, तर निदान अफवेला जागा उरली नसती. संस्थांच्या आतही असंच घडत होतं. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबींनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असतानाच अणुऊर्जेपेक्षा सूर्याची ऊर्जा या देशाला परवडेल असं बजावलं होतं. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. असहमती ऐकून घ्यायची सवय आपल्या विज्ञानसंस्थांना तेव्हाही नव्हती.

मग आत्ताच हे पुस्तक का? कारण दूरचा धोका आणि आपलं अंगण यांतलं अंतर संपलं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ मंडळानं पुढच्या वर्षीच्या अहवालात ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. ज्या देशाला निर्बंध चुकवून अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रं बनवायची आहेत, त्याच्या तिजोरीचा एक धागा गणेशखिंडीतल्या सहकारी बँकेपर्यंत येतो. जागतिक सुरक्षा म्हणजे दूरदेशीच्या राजधान्यांचा विषय असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावं.

दुसरं कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचं. औषधं शोधणाऱ्या एका छोट्या अमेरिकी कंपनीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग छापला. विषारी रेणू टाळायला शिकवलेल्या आपल्या संगणकी प्रारूपाला त्यांनी उलटं सांगितलं, विषारी तेवढेच शोध. सहा तासांच्या आत त्यानं ४०,००० रेणू सुचवले. त्यांत व्हीएक्स हे मज्जाविष होतं, आणि कुठल्याही अनुसूचीत नसलेलेही बरेच. श्राडरला जे योगायोगानं सापडलं ते आता मागून मिळतं. कागदावरचा रेणू म्हणजे हातातलं अस्त्र नव्हे, तो बनवणं वेगळं, अवघड, धोक्याचं. हा फरक या पुस्तकात नीट जपला आहे आणि उगाच भीती घातलेली नाही. पण नावांच्या यादीवर उभी असलेली सगळी व्यवस्था अशा यंत्रापुढे किती टिकणार, हा प्रश्न सरकारांना टाळता येण्यासारखा नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रानं शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महाअॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. कुठलं औषध किती फवारायचं हे उद्या शेतकरी मोबाइललाच विचारणार आहे. उत्तर चुकलं तर जबाबदार कोण, हे धोरणात जितक्या लवकर लिहिलं जाईल तितकं बरं.

आता पुस्तकाविषयी. यात अणुऊर्जेवर आणि अण्वस्त्रांवर स्वतंत्र लेख नाही. त्यावर मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे, हे संपादकांचं कारण मला पटतं. भर आहे तो जैवतंत्रज्ञान, रसायनं, ड्रोन, सायबर चोरी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या पाच वाटांवर. लेखक प्राध्यापक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, एक कृषी सहायक आहेत, आणि त्यांच्या लेखातली भाषा मला सगळ्यांत आवडली. नवख्या वाचकानं क्रमानंच वाचावं असं काही नाही. ज्याला इतिहासात रस आहे त्यानं रसायनांपासून सुरुवात करावी, ज्याला आजची चिंता आहे त्यानं सायबरपासून. परिभाषा शक्य तिथं मराठी ठेवली आहे आणि जिथं लोक इंग्रजीच शब्द वापरतात तिथं तोच ठेवला आहे. अभ्यासकांना काही ठिकाणी तपशील कमी वाटेल, पण पुस्तक त्यांच्यासाठी नाहीच. ते जिल्हा परिषदेच्या सभासदासाठी आहे, बातमीदारासाठी आहे, कृषी पदविकेच्या पोरांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या हाती नियम शेवटी येऊन पडतात त्यांच्यासाठी.

एका मुद्द्यावर माझं आणि लेखकांचं पटलेलं नाही आणि ते इथं नोंदवायला त्यांनी मोकळ्या मनानं मुभा दिली आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्रानं ठरवलं की ज्या जनुक-संपादित वाणांत परकं जनुक शेवटी उरत नाही, त्यांना जनुकीय बदल केलेल्या पिकांचे कडक नियम लागू होणार नाहीत. त्या वाटेनं मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. लेखकांना हे योग्य वाटतं. असा बदल निसर्गातही होऊ शकतो, मग त्याची वेगळी तपासणी कशाला, असं त्यांचं म्हणणं. शास्त्र म्हणून मला त्यात खोट काढता येत नाही. माझी हरकत वेगळी आहे. ही सूट एकदा दिली की बाजारात आलेला कुठला वाण संपादित आणि कुठला नाही, हे पाकिटावरून कळणार नाही, आणि चार-पाच हंगामांनी शेतात काही बिघडलं तर मागे जाऊन शोधायला धागा उरणार नाही. तपासणी कमी करा, नोंद कमी करू नका, एवढंच मी म्हणतो. कापसाची जनुक-संपादित जात अजून आमच्या कृषी सेवा केंद्रात आलेली नाही. ती येण्याआधी पाकिटावर एक ओळ छापायचं ठरवायला फारसा खर्च येत नाही. लेखकांचं उत्तर पुस्तकाच्या सहाव्या लेखात आहे आणि ते माझ्याहून जास्त अभ्यास करून लिहिलेलं आहे.